पट्टी तीच

१० जानेवारी
घशाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय, रोज आवाजाबद्दल दोन ओळी लिहून ठेवा. कधी बसला, कधी खरखरला, किती बोललात. म्हणून ही डायरी. डायरी कन्येच्या पोहण्याच्या क्लबची आहे आणि प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक माणूस सूर मारतो आहे. त्याच्याकडे दुर्लक्ष करून लिहायचं.

आजपासून बोलायची परवानगी. स्वरयंत्रावरची गाठ काढल्यापासून मी पाटीवर लिहून संसार चालवत होते. सकाळी हे समोर येऊन बसले आणि म्हणाले, "बोल, पहिलं काय बोलणार?" मी म्हटलं, "गॅस बंद करा, दूध चाललंय वर." ह्यांना बहुतेक आणखी काही अपेक्षित होतं. दूध गेलंच.

आवाज : आहे. कोणाचा आहे ते माहीत नाही.

१३ जानेवारी
आज दुकानात गेले. आमचं दुकान कपडे अल्टर करण्याचं. नवीन काही शिवत नाही. दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं आणि माणसाच्या मापाचं करायचं. गिऱ्हाइकांना वाटलं मी चिडलेय, कारण मी फक्त मान हलवत होते. एका बाईने घाबरून दोन दिवस उशिराची तारीख मान्य केली. हे आधी सुचायला हवं होतं.

आवाज : खरखर. बोलताना ठीक, "अं" म्हटलं की चिरकतो.

१७ जानेवारी
डॉक्टरबाईंनी वाचायला मागितली तर त्यांना कळायला हवं म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मी गाते. म्हणजे संध्याकाळी, कार्यक्रमांतून, जुनी गाणी. त्यातही मुख्य एकच, सगळ्यांना पाठ असलेलं, 'खिडकीत दिवा असू दे, मला यायला उशीर होईल'. ज्यांनी ते मुळात म्हटलं त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाईंनी ते म्हटलं तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. माझ्याकडे स्वरज्ञान नाही, कोणाकडे शिकले नाही. कॅसेट लावायची, थांबवायची, म्हणायची, परत लावायची. असं मी ते गाणं उचललं, हुबेहूब. दुसऱ्या कडव्यात त्या 'उशीर' हा शब्द मध्येच तोडतात, 'उ' म्हणतात, बारीकसा श्वास घेतात आणि मग 'शीर'. त्या श्वासावर लोक जीव टाकतात. तो श्वास मी जसाच्या तसा घेते. डोळे मिटून ऐकलं तर फरक कळत नाही असं लोक म्हणतात, आणि म्हणून आमच्या मंडळीत माझं नाव पडलं कार्बन.

मंडळी म्हणजे तिघंच. मी गाते. हे कीबोर्ड वाजवतात. दिवसा शाळेची बस चालवतात. आणि बासरीवाला, ह्यांचा मित्र, त्याला आम्ही लंबू म्हणतो. उंची बेताचीच आहे, म्हणूनच म्हणतो.

३० मार्चला त्या गाण्याला पन्नास वर्षं होतात. मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. पाच-सहा जण तेच गाणं आपापल्या पद्धतीने म्हणणार, शेवटी मी, जसंच्या तसं. समोर पहिल्या रांगेत मोठ्या बाई. आयोजकांचं पत्र गाठ काढायच्या आधी आलं होतं. त्यांना गाठीचं कळवलेलं नाही.

१९ जानेवारी
गाऊन पाहिलं. मुखडा ठीक. अंतऱ्यात 'दिवा' वर चढतो, तिथे मी नेहमी टाचा उचलते. टाचा उचलल्या. वर काहीच नव्हतं. म्हणजे बेसूर वगैरे नाही, आवाजच नाही, नुसती हवा. लंबूने बासरी चालू ठेवली, मग त्यानेही खाली घेतली. ह्यांनी पान उलटलं. समोर पान नव्हतंच, हे कधी कागद बघून वाजवत नाहीत.

आवाज : वरची जागा गेली.

२१ जानेवारी
डॉक्टरबाई म्हणाल्या, येईल हळूहळू. किती येईल, म्हटलं. म्हणाल्या, जितका येईल तितका तुमचा. डॉक्टर लोकांना हे कोण शिकवतं कोण जाणे.

जेवताना हे म्हणाले, "अर्धा सूर उतरवून बघूया का?"

पट्टी म्हणजे गाणं ज्या सुरावर उभं असतं तो सूर. मोठ्या बाईंची काळी पाच. मी आयुष्यात काळी पाच सोडली नाही. पट्टी उतरवली की लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. आमच्याच ओळखीतल्या एक गायिका एक सूर खाली आल्या तर मागच्या रांगेत "बाई उतरल्या" असं ऐकू आलं होतं. ऐकणाऱ्यांत मी होते, आणि म्हणणाऱ्यांतही होते बहुतेक.

मी ह्यांना स्वच्छ सांगितलं. "काळी पाच. ती जागा लागली तर गाईन, नाही लागली तर तीस मार्चनंतर तोंड उघडणार नाही. सुई-दोरा आहेच. उतरवून म्हणायचं आणि वर त्याला तेच गाणं म्हणायचं, हे मला जमणार नाही."

"बरं," म्हणाले.

"बरं नाही. पुन्हा विचारू नका."

"नाही विचारणार."

२२ जानेवारी
ह्यांच्याशी बोलले नाही. डॉक्टरबाईंनी मौन सांगितलं होतं तेव्हा जड जात होतं. आज सहज जमलं.

२९ जानेवारी
हे म्हणाले की डॉक्टरबाईंच्या मते मूळ गाणं सध्या ऐकू नये. ते ऐकलं की गळा नकळत ताणला जातो म्हणे. कॅसेट आणि टेप दोन्ही माळ्यावर गेली. मला पटलं नाही, पण गळ्यातलं त्यांना जास्त कळतं.

सराव केला. जागा नाही लागली, पण आज अगदीच हवा नव्हती. काहीतरी होतं तिथे.

५ फेब्रुवारी
आज आवाज बरा. तसं पाहिलं तर चांगलाच. ह्यांनी नेहमीसारखं "काळी पाच" म्हणून सूर दिला आणि मी सुरू केलं. मधला भाग न अडखळता गेला. मी मुद्दाम ह्यांच्या बोटांकडे लक्ष ठेवलं होतं, कारण माझ्या रागाला घाबरून हा माणूस काहीतरी करेल अशी शंका होती. बोटं तिथेच होती, रोजच्याच पट्ट्यांवर. मला माझीच लाज वाटली. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला एकदाही फसवलेलं नाही. एकदा फ्रिजच्या किमतीबद्दल, पण ते सोडा.

लंबूने नवी बासरी आणली आहे, जरा लांब. जुनी तडकली म्हणाला.

आवाज : सुधारणा.

९ फेब्रुवारी
दुकानात एक मुलगी तिच्या आईचा कोट घेऊन आली. आई गेल्या वर्षी गेली. कोट चांगला, कापड अजून दहा वर्षं मरणार नाही. मुलगी आईपेक्षा बुटकी आणि खांद्यात रुंद. म्हणाली, "काही बदलू नका, फक्त मला बसेल असं करा."

मी म्हटलं, "बाळ, दोन्ही कसं होईल?"

"आईचा आहे तसा राहायला हवा."

तिला आरशासमोर उभं करून तो कोट तसाच घालायला लावला. बाह्या बोटांच्या खाली, खांदे वर. मी म्हटलं, "आता तुझी आई दिसतेय का ह्यात?" ती म्हणाली, नाही, मीच लहान दिसतेय. मग समजावलं. दुसऱ्याचा कोट घालायचा तर खांद्यापाशी उसवावाच लागतो. न उसवता घातला तर लोकांना फक्त कोट दिसतो. आईचं जे आहे ते कापडात आहे, खांद्याच्या शिवणीत नाही. ती रडली आणि कोट ठेवून गेली.

ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्यापासून सांगावी लागते. इतकी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात का शिरत नाही?

आवाज : स्थिर.

१२ फेब्रुवारी
कन्येने तिच्या फोनवर एका तरुणाने म्हटलेलं 'खिडकीत दिवा' ऐकवलं. तो ३० मार्चला आहे म्हणे. गिटारवर, बसल्या बसल्या, शेजाऱ्याला जाग येऊ नये अशा आवाजात. सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा गायब. दुसरं कडवं गायब. वरची जागा त्याने चढवलीच नाही, खालूनच वळून आला.

मी म्हटलं, "अर्धं गाणं खाल्लंय ह्याने."

कन्या म्हणाली, "पण आई, तो खरंच कुणाला तरी सांगतोय असं वाटतं ना? उशीर होईल म्हणून."

"मोठ्या बाई काय सांगत नव्हत्या?"

"त्या सांगत होत्या. म्हणून तर. आणि तू त्या कशा सांगत होत्या ते सांगतेस."

कानामागून आली आणि तिखट झाली. मी तिला म्हटलं, पोहणं शिकव तू. तरी जेवणं होईपर्यंत तेच डोक्यात होतं. दुसऱ्याने आधीच उत्तम म्हटलेलं गाणं परत म्हणायचं कशासाठी? माझं उत्तर ठरलेलं आहे. मोठ्या बाई प्रत्येक गावात, प्रत्येक संध्याकाळी जाऊ शकत नाहीत. कोणीतरी त्यांचं गाणं उंबरठ्यापर्यंत नेऊन द्यायला हवं. पोस्टमनने पत्रात स्वतःच्या दोन ओळी घालायच्या नसतात. हे मी कन्येला सांगितलं तर म्हणाली, "मग आई, कॅसेट असताना पोस्टमन कशाला लागतो?" ह्यांनी तिला ताट उचलायला सांगितलं.

१९ फेब्रुवारी
लंबूची दुसरी बासरीही तडकली. आता आणखी लांब आणली आहे, हात पुरत नाहीत बिचाऱ्याचे. मी म्हटलं, "भावजी, बासऱ्या उन्हात ठेवता का?" तो ह्यांच्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, बांबूच हल्ली चांगला येत नाही."

वरच्या जागेपर्यंत आज जवळजवळ पोचले. टाचा पूर्ण उचलाव्या लागल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसं, हळूहळू.

हे हल्ली चष्म्याचं घर कीबोर्डवरच ठेवतात, तिथल्या त्या छोट्या काचेच्या खिडकीवर, जिथे आकडे उजळतात. म्हटलं, पडेल. म्हणाले, नाही पडत.

२५ फेब्रुवारी
तपासणी. डॉक्टरबाईंनी आत दिवा घालून पाहिलं, जखम भरली म्हणाल्या. मी विचारलं, "मूळ गाणं ऐकायचं नाही असं अजून किती दिवस?" त्या म्हणाल्या, "मी कुठे असं..." मग माझ्यामागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो, हो. तीस मार्चपर्यंत नकोच." एवढ्या पेशंटांत कोणाला काय सांगितलं ते त्यांच्या तरी कसं लक्षात राहणार?

५ मार्च
जागा लागली.

आज, ह्यांच्या बस उभ्या राहतात त्या आवारातल्या सरावाच्या खोलीत, बाहेर बसगाड्या धुवायचं काम चालू असताना. 'दिवा' वर गेला आणि तिथे आवाज होता. टाचा थोड्याच उचलल्या. मी गाणं थांबवून परत म्हटलं, योगायोग नको म्हणून. परत लागली. मला रडू आलं. लंबूने बासरी पुसायला घेतली आणि पुसतच बसला. हे म्हणाले, "बघ. काळी पाच." आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

आवाज : आला.

८ मार्च
एकच तक्रार लिहून ठेवते, प्रामाणिकपणा म्हणून. आवाज आला, पण तो मोठ्या बाईंसारखा चकाकत नाही. जाड झालाय. पहिल्या ओळीला तर मला माझी आत्या आठवली, ती फाटकाशी उभी राहून कोणाला तरी हाक मारायची तेव्हाचा तिचा आवाज. आणि गाणं किंचित रेंगाळतं. ह्यांना म्हटलं, लय वाढवा. वाढवून पाहिली, पण दोन ओळींनंतर मीच परत मागे यायचे. घशाच्या दुखण्यातून उठलेलं माणूस, हत्ती गेला तरी शेपूट राहणारच. ३० तारखेपर्यंत जाईल तेही.

१६ मार्च
कोटवाली मुलगी कोट न्यायला आली. घालून आरशासमोर उभी राहिली आणि खिशात हात घातले. मग म्हणाली, "आई अशीच उभी राहायची." मी म्हटलं, आईचे खांदे तुझ्यासारखे नव्हते. "खांदे नव्हते," म्हणाली, "पण उभी अशीच राहायची."

आज कन्या सराव ऐकायला आली होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "आई, हे म्हणजे, बाबा..." ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "बाबा, पंखा लावा, उकडतंय." तिचे डोळे लाल दिसत होते. तलावातल्या पाण्यात औषध फार टाकतात.

२८ मार्च
झोप नाही. भीती वाटते आहे हे लिहायला काही हरकत नाही. एवढी वर्षं मोठ्या बाईंच्या पाठीमागे म्हटलं, आता तोंडावर म्हणायचं.

३१ मार्च
काल कार्यक्रम झाला. क्रमाने लिहिते.

सभागृह भरलेलं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत, पांढरी साडी, काठी मांडीवर आडवी. वाटल्या होत्या त्यापेक्षा लहानखुऱ्या. आधी शाळेतल्या मुलांनी सामुदायिक म्हटलं, चाल सांभाळली आणि शब्द सांडले. मग एका बाईंनी ताना घालून म्हटलं. इतक्या ताना, की ज्याला उशीर होणार होता तो येऊन जेवून झोपला असता. मग एक ढोलकांचं. मग तो गिटारवाला. तो म्हणत असताना मोठ्या बाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तेवढंच.

मग मी. ह्यांनी कीबोर्डवर चष्म्याचं घर ठेवलं, मला सूर दिला आणि म्हणाले, "काळी पाच." मी मान हलवली. पुढचं मला नीट आठवत नाही. एरवी मला प्रत्येक अक्षर आठवतं, कारण मी म्हणताना मनात कॅसेट चालू असते आणि मी तिच्या मागोमाग पळत असते. काल कॅसेट चालूच झाली नाही. दोन महिने ऐकली नव्हती म्हणून असेल. मी नुसतंच म्हटलं. वरची जागा आली, लागली, गेली. मी टाचा उचलल्या होत्या का नव्हत्या तेही सांगता येणार नाही.

संपल्यावर टाळ्या जरा थांबून आल्या. मला वाटलं, फसलं.

आत, पडद्यामागे, मोठ्या बाई स्वतः आल्या. मी वाकले, त्यांनी खांद्याला धरून उठवलं.

"दुसऱ्या कडव्यात," त्या म्हणाल्या, "'उशीर'ला तुम्ही श्वास नाही घेतलात."

तो श्वास! ज्याच्यावर लोक जीव टाकतात तोच विसरले, आणि तोही त्यांच्यासमोर. मी म्हटलं, "चूक झाली, बाई. माफ करा. नेहमी घेते, आजच राहिला. कोणालाही विचारा."

त्या हसल्या. "अहो, तो मला घ्यायचाच नव्हता. रेकॉर्डिंगच्या दिवशी मला सातवा महिना चालू होता, दम पुरेना. पुन्हा म्हणते म्हटलं तर संगीतकार म्हणाले, राहू द्या, छान वाटतं. गाडी दोन स्टेशनांच्या मध्येच थांबावी तसं ते मला पन्नास वर्षं खुपतंय. सगळे तिथे थांबतात. लहान पोरंसुद्धा. आज पहिल्यांदा कोणीतरी शब्द पुरा केला."

मग त्यांनी विचारलं, "पट्टी कुठली घेतलीत?"

"तुमचीच, बाई. काळी पाच."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग लंबूच्या त्या हातभर लांब बासरीकडे. मग ह्यांच्याकडे. हे कीबोर्डची वायर गुंडाळत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मोठ्या माणसांसमोर हे नेहमीच असे होतात.

"हो," बाई म्हणाल्या. "माझीच." आणि ह्यांच्या पाठीवर थोपटून गेल्या.

त्या ह्यांच्याच पाठीवर का थोपटल्या ते मला समजलं नाही. गायले मी.

३ एप्रिल
ध्वनिवाल्याने कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं. ह्यांची बस गेल्यावर टेप माळ्यावरून काढला. आधी माझं ऐकलं, मग कॅसेट लावली, दोन्ही ताडून बघायला.

टेप बिघडलाय. कॅसेट जलद चालते आहे, मोठ्या बाईंचा आवाज पार वर गेला आहे. घाईघाईत, पातळ, कोणीतरी मागे लागल्यासारखा. इतके दिवस पडून राहिला की पट्टा आवळतो. उद्या दुरुस्तीला टाकते.

६ एप्रिल
दुरुस्तीवाला म्हणाला, टेप ठणठणीत आहे, गती बरोबर आहे. त्याने तीनदा मोजली. मी म्हटलं, कॅसेट आक्रसली असेल. तो म्हणाला, "मावशी, कॅसेट म्हणजे लोकरीचा स्वेटर नाही."

घरी आले. कन्येच्या फोनवर मूळ गाणं लावलं. टेपसारखंच. तितकंच वर.

मग मी सरावाच्या खोलीत गेले. किल्ली माझ्याकडेही असते. कीबोर्ड लावला आणि चष्म्याचं घर उचललं. खाली त्या काचेच्या खिडकीत लिहिलं होतं, उणे पाच. बटण दाबलं की एकेक अर्धा सूर उतरतो आणि बोटं तिथेच राहतात. एवढं मलाही कळतं.

आधी रागच आला, खोटं कशाला लिहू. दोन महिने सगळे मिळून मला खेळवत होते. लंबू, त्याच्या बासऱ्या (सूर जितका खाली तितकी बासरी लांब), डॉक्टरबाई, पोटची पोर. बाई उतरल्या, आणि उतरल्या त्या बाईंना पत्तासुद्धा नाही. मोठ्या बाईंच्या तोंडावर सांगितलं, तुमचीच पट्टी! तिथेच खुर्चीवर बसून राहिले. बाहेर ह्यांची बस आली. मुलांना सोडून रिकामी. ह्यांच्या बसमध्ये मी एकदा बसले होते, कन्या त्याच शाळेत होती तेव्हा. शेवटच्या स्टॉपवर सगळी पोरं झोपलेली आणि गाडी थांबलेली, पण एकाचीही मान हलली नव्हती. गाडी थांबली ते मलाही बाहेर बघितल्यावर कळलं. मी म्हटलं होतं, फार छान ब्रेक मारता तुम्ही. हे म्हणाले होते, मारायचा नसतो, टेकवायचा असतो.

चष्म्याचं घर होतं तिथे ठेवलं आणि मागच्या दाराने घरी आले.

आवाज : मुद्दा आवाजाचा नाही.

८ एप्रिल
माझं रेकॉर्डिंग परत ऐकलं. कॅसेटशी न ताडता, एकटंच. पहिल्यांदाच. ती बाई कोणीतरी वेगळीच आहे. तिला खरंच उशीर झालाय, आणि दिवा असेल की नाही याची तिला खात्री नाही. वर चढते तिथे मात्र अजून किंचित ताणते. टाच उचलल्याचं ऐकू येतं. म्हणजे उचलल्या होत्या.

तेवढं एक खांद्याला काचतंय.

१२ एप्रिल
सराव. पुढच्या महिन्यात एका शाळेच्या मदतीसाठी कार्यक्रम आहे. हे बसले, चष्म्याचं घर ठेवलं, सूर दिला. "काळी पाच."

मी सुरू केलं नाही. म्हटलं, "अजून अर्धा खाली घ्या."

ह्यांचा हात पट्ट्यांवर तसाच राहिला. "काळी पाच आहे गं ही."

"असू दे. त्या काळी पाचच्या अजून अर्धा खाली. मला टाचा टेकवून म्हणायचंय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ह्यांच्याकडे. मग ह्यांनी चष्म्याचं घर उचललं, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, घर खिशात टाकलं आणि सगळ्यांसमोर बटण दाबलं.

लंबू पिशवीत हात घालून चाचपडत होता. म्हणाला, "वहिनी, इतकी लांब बासरी नाही माझ्याकडे."

म्हटलं, "मग आणा, भावजी. नाहीतरी तुमच्या तडकतातच."